घोडी, तार आणि न हलणारा सूर

तंतुवाद्यातल्या ज्या लहानशा तुकड्यावरून तारा जातात त्याला आपल्याकडे घोडी म्हणतात. इंग्रजीत तो पूल आहे. फ्रेंच लोक त्याला ‘शेव्हाले’, म्हणजे लहानसा घोडा म्हणतात, आणि इराणी वादकांच्या तोंडी त्याचे नाव ‘खरक’, म्हणजे गाढवाचे पिल्लू, असे आहे. पुलाकडून आपली अपेक्षा एवढीच असते की त्याने हलू नये. घोडीचे तसे नाही. ती ओझे वाहते, अंग चोरते, प्रसंगी अडून बसते. इलेक्ट्रिक गिटारच्या या एका अवयवावर गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जितकी यांत्रिक डोकेबाजी झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या वाद्याच्या एखाद्या भागाच्या वाट्याला आली असेल. या सगळ्या खटाटोपामागे वचन एकच आहे : एकदा लावलेला सूर हलणार नाही. हे वचन तपासून पाहावे, आणि तेही सुरावरून शंभर वर्षे भांडत आलेल्या मराठी कानांनी तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू.

हा विषय मीरा-भाईंदरमध्ये बसून लिहायला काही कारण हवे; आणि ते कारण हवाच आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर रेंगाळत असते. इथल्या इमारतींच्या तळमजल्यांवर, इस्त्रीवाला आणि क्लिनिक यांच्या मधल्या गाळ्यांत, गिटारचे वर्ग चालतात. वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलेली गिटार जिना उतरेपर्यंत बेसूर होते, हे तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. दांडीचे, म्हणजे गिटारवाल्यांच्या ‘नेक’चे, लाकूड ओल धरते, फुगते, किंचित वाकते, तारा गंजतात. गिटारला सुरात राखणाऱ्या घोडीची गरज कोणाला असेल तर ती या हवेतल्या माणसांना.

आधी तारेचे गणित. मेरसेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली ते मांडले. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, वजन आणि ताण. ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कंपनसंख्या वाढते. सप्तकाचे १२०० भाग केले तर प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. ताण एक टक्क्याने ढळला तर स्वर साधारण साडेआठ सेंटने ढळतो, आणि तयार कानाला एवढे पुरेसे असते. पोलादी तार तापली की लांबते. रंगमंचावरच्या दिव्यांनी गिटारची सर्वांत बारीक तार दहा अंशांनी तापली तर ती दहा-पंधरा सेंट उतरते. तारेचे वजन बदलत नाही, लांबी बदललीच तर नगण्य. म्हणजे सगळा घोटाळा ताणाचा. तेव्हा ताण सांभाळा म्हणजे सूर सांभाळला जाईल, असा सरळ तर्क निघतो. पुढचे सगळे वाद या तर्कातल्या दुसऱ्या ‘सांभाळा’वर आहेत.

गंमत अशी, की घोडीचा त्रास मुळात घोडीनेच ओढवून घेतला. पडद्यांच्या वाद्यावर वाजवताना गिटारवाल्यांनाही स्वर वाकवावासा वाटे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस पॉल बिग्जबी यांनी तरफ लावलेली घोडी केली. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये घोडी सहा स्क्रूंवर झुलती झाली. तिच्या एका बाजूला तारांची ओढ, तर दुसऱ्या बाजूला गिटारच्या पाठीत दडवलेल्या स्प्रिंगांची. दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडत आणि स्वर खाली घसरे. लिओ फेंडर यांनी याला ‘ट्रेमोलो’ हे नाव दिले. ते चुकीचे होते, कारण ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचे कंपन, स्वराचे नव्हे. पण नाव चिकटले ते चिकटलेच. त्याच वर्षी गिब्सन कंपनीत टेड मॅकार्टी यांनी उलट दिशेने जाणारी घोडी केली. ती जागची हलत नसे, पण तिच्यावर प्रत्येक तारेची बैठक स्वतंत्रपणे पुढे-मागे सरकवून वरच्या पडद्यांवरचे स्वर बिनचूक करता येत. (या बैठकीला ते सॅडल म्हणतात. म्हणजे पुलावर खोगीर! घोडीवर असते तर निदान शोभले असते.)

झुलत्या घोडीची अडचण परतीच्या वाटेची. दांडा सोडल्यावर तार जिथून निघाली नेमकी तिथे पोचत नाही. वरच्या खाचेत घर्षणाने अडकते, खुंटीवरच्या वेढ्यांत घसरते. फ्लॉइड रोज यांनी यावर सरळ कुलूप घातले. त्यांना १९७९ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत तार दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून बांधतात. खुंट्या मग शोभेपुरत्या उरतात. पण हवा बदलल्यावर करायचे काय? म्हणून पुढे घोडीवरच बारीक स्क्रू बसवले गेले. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण तंबोऱ्याच्या घोडीमागे, लंगोटाच्या बाजूला, तारेत ओवलेले मणी असतात. ते जरासे सरकवून खुंटीला न जमणारा शेवटचा बारीक फरक काढायचा असतो. काम तेच, जागाही तीच. फरक एवढा, की मणी बोटाने सरकवताना कान तारेलाच लावलेला असतो.

फ्लॉइड रोजच्या घोडीचे वागणे एकत्र कुटुंबासारखे आहे. सहाही तारांची ओढ आणि स्प्रिंगांची ओढ एकमेकींना तोलून धरते. एक तार तुटली की बाकीच्या पाचही बिथरतात. २०१० च्या सुमारास आलेल्या ‘एव्हरट्यून’ या घोडीने प्रत्येक तारेला वेगळे बिऱ्हाड करून दिले. मीरा रोडला वन-बीएचकेत येऊन राहिलेल्या गिरगावकरांना ही योजना समजावून सांगावी लागू नये.

एव्हरट्यूनची कल्पना कॉसमॉस लाइल्स यांची आणि यंत्ररचनेत पॉल डाउड या अभियंत्याचा वाटा. मला ती खरोखर देखणी वाटते. प्रत्येक तारेची बैठक एका तरफेवर आहे आणि त्या तरफेला मागून स्प्रिंग ओढते. साधी स्प्रिंग जितकी ताणाल तितकी जास्त ओढते. पण इथे तरफेची भूमिती अशी बेतली आहे, की ती एका मर्यादेपर्यंत कुठेही वळली तरी तारेवरची ओढ तेवढीच राहते. तार तापून लांबली की बैठक मागे सरकते आणि ढिलाई गिळून टाकते. लाकूड फुगून तार ताणली गेली की बैठक पुढे येते. या पट्ट्यात तुम्ही खुंटी पिळली तरी स्वर चढत नाही. पहिल्यांदा ते पाहणारा खुंटीकडे आणि मग स्वतःच्या कानाकडे संशयाने पाहतो. ताण कमी-जास्त करायचा तर घोडीवरचा स्क्रू ॲलन कीने फिरवावा लागतो. आधीच्या घोड्यांनी तारेला घट्ट धरून ठेवले होते. हिने तारेबरोबर हलायचे ठरवले आणि त्यामुळे स्वर हलेनासा झाला. इतक्या वर्षांत या अवयवाला घोडी हे नाव पहिल्यांदा शोभले असेल ते इथे.

तिचे उपकारही खरे आहेत, आणि ते मोजल्याशिवाय टीका करणे अप्रामाणिक ठरेल. मेटल संगीतात तारा फार खाली लावतात. सैल तार जोराने छेडली की आघाताच्या क्षणी ती ताणली जाते आणि स्वर चढतो, मग खाली येतो. अशा गिटारचे चार थर ध्वनिमुद्रणात एकावर एक ठेवले की गढूळ होतात. एव्हरट्यून हा चढ मारून टाकते. स्टुडिओत दर दहा मिनिटांनी तारा लावण्यात जाणारा वेळ वाचतो, आणि मुंबईत स्टुडिओ तासावर मिळतो. नवशिक्याचा हात जड असतो. पडद्यावर तार गरजेपेक्षा जास्त दाबली की स्वर तीव्र होतो. तेही ही घोडी पोटात घालते. मोबदल्यात ती गिटारच्या अंगात खोल खड्डा मागते, वजन वाढवते आणि खिसा हलका करते.

मग तक्रार कशाची? तक्रारी दोन आहेत. पहिली : सांभाळला तो कोणता सूर?

गिटारचे पडदे सप्तकाच्या बारा समान भागांवर बसवलेले असतात. या विभागणीत पंचम शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम दोन सेंट उतरलेला असतो, पण गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. ११० हर्ट्झचा षड्ज घ्या. त्याचा पाचवा उपस्वर ५५० हर्ट्झचा. समान विभागणीतल्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे ५५४.४ हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारहून जास्त विस्पंद पडतात, आवाज थरथरतो. पंचमाचे तसे नाही, तिथे एका विस्पंदाला अडीच सेकंदांहून जास्त वेळ लागतो. स्वच्छ आवाजाच्या गिटारवर कान हे चालवून घेतो. पण आवाज फाडून, ‘डिस्टॉर्शन’ लावून वाजवले की उपस्वरांची गर्दी वाढते आणि तो गंधार असह्य होतो. म्हणून रॉक आणि मेटलच्या वादकांनी कुणी न शिकवता गंधारच गाळला. त्यांची ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे केवळ षड्ज आणि पंचम. सर्वांत जाड तार एक स्वर उतरवून ते ‘ड्रॉप डी’ लावतात तेव्हा खालच्या तीन तारा होतात डी, ए, डी. आपल्या भाषेत सा, प, सा. नखशिखान्त काळे कपडे घातलेला हा पोरगा नकळत तंबोरा लावून बसला आहे!

मात्र खऱ्या तंबोऱ्यात एक गोष्ट उलटी घडते. तिथे गंधाराची तार नसते आणि तरीही गंधार ऐकू येतो. खरजाची तार नीट लागली की तिच्या पोटातून पाचवा उपस्वर उमटतो. त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तो समान विभागणीतला नाही, शुद्ध आहे. म्हणजे गिटारची घोडी जो गंधार जिवापाड सांभाळते तो तंबोऱ्याच्या मते १४ सेंटने बेसूर असतो, आणि आता तो कायमचा, कोणत्याही हवेत, बेसूर राहील अशी हमी मिळालेली असते.

मराठी मुलखाला हा वाद नवा नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर मोजून बावीस श्रुतींचे गणित १९१० साली पुस्तकात मांडले. आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि श्रुतींच्या हार्मोनियमचा प्रयोगही झाला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. आरोप हेच होते : पट्ट्यांचे स्वर ठोकळेबाज, मींड नाही. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात २२ श्रुतींची हार्मोनियम तयार केली, म्हणजे देवलांचा प्रश्न शंभर वर्षे जिवंत राहिला. या साऱ्यांच्या हिशेबांवर मतभेद आहेत आणि असावेत. पण त्यांनी एक गोष्ट पक्की धरली होती : आधी सूर कोणता ते ठरवा, मग तो स्थिर करण्याच्या गोष्टी करा. एव्हरट्यूनची जाहिरात उत्तरार्धापासून सुरू होते.

गिटारवाल्यांतही हे कानाला कळणारे होते. एडी व्हॅन हेलन यांचे नाव फ्लॉइड रोजच्या घोडीशी कायमचे जोडले गेले आहे. ते ‘बी’ची तार मुद्दाम किंचित उतरवून लावत, कारण काही कॉर्डमध्ये गंधार त्याच तारेवर येतो. घोडीला कुलूप आणि गंधार मात्र कानाने. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. यंत्र कसे वापरावे याचा तो नमुना आहे.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. ती मींडेची.

तारेवरचा स्वर सरकवण्याचे तीन मार्ग आहेत. एक, लांबी बदलायची : सरोदवर बोट घसरते, विचित्र वीणेवर काचेचा बट्टा, हवाईयन गिटारवर पोलादी कांडी. दोन, ताण बदलायचा : सतारीवर पडद्यावरची तार आडवी ओढायची, गिटारवाले यालाच ‘बेंड’ म्हणतात. तीन, घोडीच हलवायची, म्हणजे फेंडरचा दांडा. ताण स्थिर ठेवणारी घोडी पहिल्या मार्गाला हातही लावत नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये (१९६७) ब्रिजभूषण काब्रा यांनी कांडीने वाजवलेली गिटार एव्हरट्यूनवर जशीच्या तशी वाजेल. तिसरा मार्ग तिच्यात नाहीच. आणि दुसरा मार्ग ती मुळातून कापते, कारण बोटाने तार ओढली की यंत्राच्या दृष्टीने ती हवामानाइतकीच एक गडबड असते. बैठक पुढे येते, ओढ गिळते, आणि स्वर जागचा हलत नाही. उष्णता, ओल, खुंटीची घसरण आणि वादकाची इच्छा या चार गोष्टींत त्या स्प्रिंगला भेद करता येत नाही. कसा येणार? तिला फक्त ओढ कळते.

सतारीचा विचार करा. एकाच पडद्यावरून पाच स्वरांपर्यंत मींड काढणारे सतारिये होऊन गेले आहेत. त्या सतारीला अशी घोडी बसवली तर उरेल ती पडद्यांची शिडी. दरबारी कानड्यातला कोमल गंधार हे याचे सर्वांत कठीण उदाहरण. तो समान विभागणीतल्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला, शिवाय आंदोलित. तो पडद्यावर सापडतच नाही. सतारिया रिषभाच्या पडद्यावर तार ओढून तिथवर जातो आणि त्या जागी झुलतो. गिटारवर दरबारी वाजवायचा तर मार्ग हाच. ताण कुलूपबंद केलेल्या तारेवर बोटाने कितीही हलवा, रिषभ रिषभच राहील. साधे बोटाचे कंपनही त्या पट्ट्यात मरून जाते. ‘सूर हलत नाही’ हे वचन इथे अक्षरशः पाळले जाते.

यावर कोणी म्हणेल, मींडेशिवाय संगीत नाही असे थोडेच आहे? बरोबर आहे. १९५५ मध्ये शिवकुमार शर्मा यांनी मुंबईत संतूर वाजवले तेव्हा हाच आक्षेप आला होता, आणि त्यांनी वाद्य सोडले नाही. रचना बदलली, वाजवण्याची रीत बदलली आणि संतूर मैफलीत बसले. पण संतूरवादकाला आपल्याजवळ काय नाही हे ठाऊक होते, आणि त्या अभावातून त्याने काही घडवले. एव्हरट्यूनच्या खरेदीदाराला अभाव विकला जात नाही, सुरक्षितता विकली जाते. या दोहोंत फरक आहे.

आता मिरजेकडे वळतो. मीरा आणि मिरज यांत अक्षर एकाचे अंतर; महालक्ष्मी एक्स्प्रेसने मात्र रात्रभराचे. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, हत्यारांना धार लावण्याचा धंदा बसल्यावर, सतारी-तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेबांचे नाव त्यात आद्य. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या मुलखातली घोडी सूर स्थिर ठेवण्याचे कुठलेही वचन देत नाही. ती एक रुंद, किंचित उताराची पाटी असते. पूर्वी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची, आता हाडाची किंवा प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाची. कारागीर तिच्यावर कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा कानस. उताराचा तो वक्र डोळ्याला दिसत नाही म्हटले तरी चालेल. यालाच जवारी काढणे म्हणतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा, त्याला जीवा म्हणतात. तो केसभर पुढे-मागे झाला की आवाज बंद होतो किंवा उघडतो.

१९२१ साली सी. व्ही. रामन यांनी आपल्या तंबोऱ्यावर आणि वीणेवर एक निबंध लिहिला. एखाद्या जागी तार छेडली तर त्या जागी ज्या उपस्वरांचा निस्पंद असेल ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात, हे त्यांनी दाखवून दिले. कारण ही घोडी. तार तिच्या वक्रावर सतत टेकते आणि सुटते, म्हणजे तारेचे टोक एका ठरावीक बिंदूवर संपतच नाही. गिटारच्या घोडीचा सगळा आटापिटा तारेला एका धारेवर नेमके संपवण्याचा. तंबोऱ्याची घोडी ती धार जाणूनबुजून पसरवते. आणि या पसरटपणामुळेच उपस्वर मोठे होतात, स्वयंभू गंधार ऐकू येतो, सूर किती शुद्ध लागला याची परीक्षा घेता येते. एक घोडी सूर राखते. दुसरी तो ऐकवते. ज्याला ऐकता येते त्याला राखणे हा रोजचा उद्योग वाटतो, संकट वाटत नाही.

भाईंदरच्या हवेतला गंज इथे उपयोगी साक्षीदार आहे. गंजलेल्या तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही. तिचे उपस्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत येत नाहीत. एव्हरट्यून तिचा ताण चोख ठेवील, मोबाइलवरच्या ट्यूनरचा दिवा हिरवा होईल, आणि तार तरीही बेसूर वाजेल. गिटारच्या वर्गात त्या हिरव्या दिव्यावर विसंबलेली मुले मी पाहिली आहेत. दिवा लागला की हात खुंटीवरून काढतात, आवाजाकडे लक्ष नसते. दोष मुलांचा नाही. त्यांना उत्तर आधी मिळाले, प्रश्न कोणी विचारलाच नाही. तंबोरा लावायला शिकणे हा आपल्याकडे गाण्याचा पहिला धडा होता, तो तंबोऱ्यावर प्रेम म्हणून नव्हे. तारा लावताना कान तयार होतो म्हणून. घोडीने हे काम स्वतःकडे घेतले तर तो धडा कुठे शिकायचा, याची सोय निराळी करावी लागेल.

पण शास्त्रीय संगीतवाल्यांनी यावर मान डोलावून गिटारवाल्यांना नावे ठेवू नयेत. ज्या १९७९ साली फ्लॉइड रोजला पेटंट मिळाले, त्याच वर्षी बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. आज घरोघरी रियाज त्या पेटीवर, नाहीतर मोबाइलवर चालतो. एव्हरट्यूनमध्ये निदान तार शिल्लक आहे. पेटीत तारही नाही, जवारीही नाही, लावण्याची कटकटही नाही. लोकलने क्लासला जाणाऱ्या मुलीच्या खांद्यावर मिरजेचा भोपळा लादावा असे मी म्हणणार नाही. मात्र हार्मोनियमवर एकतीस वर्षे बहिष्कार टाकणाऱ्या परंपरेने या पेटीला मुकाट्याने आत घेतले, त्याची कारणे संगीताची कमी आणि सोयीची जास्त आहेत, हे नोंदवायला हवे.

आणि एक विजेचे तंतुवाद्य आपल्या दारातच आहे, ज्याचे नाव अशा चर्चेत कोणी घेत नाही. उत्तन-डोंगरीच्या, राई-मुर्ध्याच्या हळदीत, गणपतीच्या मिरवणुकीत, टेम्पोवर बसून वाजवतात तो बेंजो. खरा बँजो नव्हे, बुलबुल तरंग. जपानमध्ये १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा हा भारतीय अवतार. टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबायची, ती तारेवर टेकतात. खाली पिकअप, पुढे ॲम्प्लिफायर, त्याला कर्णे. घोडी साधी पट्टी, खुंट्या साध्या, पडदे गिटारसारखेच समान विभागणीचे. भाद्रपदात ऊन पडते, पाच मिनिटांत सर येते, पुन्हा ऊन. तारा पोलादाच्या, सगळ्या उघड्यावर. ताशाच्या कडकडाटात ट्यूनरला काही ऐकू जाणार नाही. बेंजोवाला दोन गाण्यांच्या मध्ये, कधी गाणे चालू असताना, डावा हात खुंटीकडे नेतो, एक पीळ देतो आणि परत येतो. एका स्वराला अनेक तारा असल्याने एखादी दोन-चार सेंट ढळली तर आवाज फाटत नाही, जाड होतो, आणि मिरवणुकीला तो जाडपणा हवाच असतो. इथे सुराची व्याख्या आकड्याने झालेली नाही. रस्त्याने, गर्दीने आणि त्या माणसाच्या हाताने केली आहे. त्याच्या वाद्याला कोणी स्वस्तात ताण राखणारी घोडी करून दिली तर तो ती नक्की बसवील असे मला वाटते. त्याच्या वाद्यात मींड मुळातच नाही, म्हणून गमावण्यासारखे फार नाही. आणि पावसात भिजत खुंट्या पिळण्यात कसली आली साधना?

म्हणून या घोडीचा निवाडा वाद्यागणिक, तारेगणिक करावा लागतो, आणि तिच्या कर्त्यांनीही तशी सोय ठेवली आहे. तरफ वळण्याची हद्द संपली की बैठक अडसराला टेकते आणि त्यापुढे ती साध्या घोडीसारखी वागते. खुंटी पिळली की स्वर चढतो, तार ओढली की मींड निघते. त्यामुळे अनेक वादक खालच्या जाड तारा आतल्या, न हलणाऱ्या पट्ट्यात ठेवतात आणि वरच्या बारीक तारा नेमक्या त्या हद्दीच्या काठावर आणून सोडतात. काठावरच्या तारेला ढिलाईपासून संरक्षण मिळते. थंडीने ती आखडली तर मात्र घोडी तिला सांभाळू शकत नाही. हा काठ कुठे आहे ते यंत्रावर खूण करून दाखवलेले नसते. एका हाताने तार ओढत राहायची, दुसऱ्याने खुंटी अगदी सावकाश फिरवायची, आणि ओढलेला स्वर पहिल्यांदा कधी चढू लागतो ते ऐकायचे.